जांभळ्याच्या पलीकडचा दिवा

मासे पाळण्याचा छंद आम्हीं आपण होऊन लावून घेतला नाहीं. तो आमच्या घरीं चालत आला. वरच्या मजल्यावरचें बिऱ्हाड बदली होऊन दूर गेलें, आणि जातांना त्या मंडळींनीं एक तीन फूट लांबीची कांचेची टाकी, हवेचा एक लहानसा पंप आणि चार सोनमासे असा संसार आमच्या स्वाधीन केला. "दोन दिवसांत कोणी तरी येऊन घेऊन जाईल," असें त्या वेळीं ठरलें होतें. त्या गोष्टीस आतां तीन वर्षें होत आलीं. घेऊन जाणारा कोणी आला नाहीं, आणि आतां कोणी आलाच तर त्याला दारांतूनच परत लावण्याची आमच्या नातवानें तयारी ठेविली आहे.

टाकी दिवाणखान्यांत, पुस्तकांच्या कपाटासमोर ठेवलेली आहे. पहिले कांहीं महिने आम्ही त्या माशांकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. वर्तमानपत्र वाचतां वाचतां डोळे वर करावे, तों समोर चार तोंडें कांचेला लागलेलीं आणि उघडमीट करीत असलेलीं दिसावीं. जणूं त्या दिवशींच्या बातम्यांविषयीं त्यांनाही कांहीं सांगावयाचें आहे आणि शब्द मात्र सांपडत नाहींत. हळूहळू त्यांतला हावरा कोण, भित्रा कोण, दुसऱ्याच्या तोंडचा घांस पळविणारा कोण, हें आम्हांस कळूं लागलें. आणि ज्याचा स्वभाव एकदां कळला तो प्राणी परका राहत नाहीं, हा अनुभव वाचकांपैकीं पुष्कळांना असेल.

अशा रीतीनें आमचें आणि माशांचें बरें चाललें असतां एके दिवशीं सायंकाळीं आमचे एक जुने स्नेही घरीं आले. प्रथेप्रमाणें आम्हीं नातवाला बोलावून शाळेंतलें भाषण म्हणून दाखवावयास सांगितलें. भाषण पावनखिंडीवरचें होतें. पोर घोडखिंडीपर्यंत नीट पोंचलें, आणि तेथें त्याला पुढचा शब्द आठवेना. तो आमच्याकडे पाहूं लागला, आम्ही छताकडे पाहूं लागलों. स्नेही सज्जन खरे, त्यांनीं विषय बदलावा म्हणून टाकीकडे मान वळविली आणि म्हणाले, "मासे मात्र फिके वाटतात हो तुमचे! आमच्या व्याह्यांकडचे पाहा एकदां. निखारे आहेत निखारे!"

एका संध्याकाळीं दोन वेळां फिकें पडणें हें आमच्या वयाच्या मनुष्याला सोसत नाहीं. दुसऱ्याच दिवशीं नातवाला बरोबर घेऊन आम्ही माशांच्या दुकानीं गेलों.

दुकान म्हणजे एक अंधारी, लांबट खोली होती. दोन्ही भिंतींना टाक्यांच्या रांगा होत्या, आणि त्यांतल्या कांहींवर जांभळट निळ्या उजेडाच्या नळ्या लावलेल्या होत्या. त्या उजेडांत लहान लहान मासे हिरवे, गुलाबी, नारिंगी असे चमकत होते, कीं दिवाळींतल्या फुलबाजीचे कण पाण्यांत पडूनही विझले नाहींत असें वाटावें. आम्हीं दुकानदाराला विचारलें, "हा रंग कशाचा?" त्यानें वर नळीकडे बोट दाखविलें आणि म्हणाला, "यूव्ही लाइट आहे, आजोबा." त्याचें उत्तर खोटें नव्हतें. आम्हीं त्याचा अर्थ आपल्याला हवा तसा घेतला, एवढेंच. नळी घेऊन आम्ही घरीं आलों.

रात्रीं जेवणें झाल्यावर दिवाणखान्यांतले सर्व दिवे मालवून आम्हीं ती नळी टाकीवर लाविली. पाहतों तों काय, आमचा नुकताच धुतलेला सदरा चांदण्यासारखा उजळला. नातवाचे दांत चमकूं लागले. त्याच्या आजीच्या हातांतल्या औषधाच्या पुडक्यावरचीं अक्षरेंसुद्धां उजळून निघालीं. खोलींतील प्रत्येक क्षुद्र वस्तु आपापल्या परीनें शोभूं लागली होती. आणि ज्यांच्यासाठीं हा सगळा खटाटोप, ते चार मासे मात्र जांभळ्या अंधारांत चार काळसर सावल्या होऊन फिरत होते. नातवाची आजी म्हणाली, "सदरा धुण्याच्या पुडीला सांगा, माशांना नको." ती हें थट्टेनें बोलली, परंतु सगळें शास्त्र तिच्या त्या एका वाक्यांत होतें, हें आम्हांस पुस्तकें उघडल्यावर कळलें.

डोळ्यांना दिसणारा प्रकाश तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत पसरलेला असतो, हें शाळेंत लोलक हातांत धरून आपण सर्वांनींच पाहिलेलें असतें. 1800 सालीं विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदानें तांबड्याच्या बाहेर उष्णता देणारे अदृश्य किरण आहेत असें दाखविलें. पुढच्याच वर्षीं, 1801 मध्यें, योहान रिटर या जर्मन संशोधकानें दुसऱ्या टोकाला, जांभळा रंग संपून जेथें डोळ्याला कांहींच दिसत नाहीं अशा जागीं, चांदीचा एक क्षार ठेविला. आणि तो तेथें जांभळ्या उजेडांतल्यापेक्षांही लवकर काळा पडला. या किरणांना आज अतिनील म्हणतात. मराठी विश्वकोशांत त्यांना जंबुपार असा शब्द योजिला आहे, आणि तो आम्हांस अधिक आवडतो. कारण जांभळाच्या पलीकडे कांहीं तरी आहे आणि तें आपल्याला दिसत नाहीं, ही गोष्ट तो शब्द विसरूं देत नाहीं.

आतां कांहीं पदार्थांचा असा गुण असतो कीं, हे अदृश्य किरण त्यांच्यावर पडले असतां ते त्यांना शोषून घेतात आणि त्याच्या मोबदल्यांत दिसण्याजोगा रंगीत प्रकाश बाहेर टाकतात. जॉर्ज स्टोक्स यानें 1852 सालीं या गुणाला फ्लुओरस्पार नांवाच्या खनिजावरून इंग्रजी नांव दिलें. आपल्याकडे त्याला प्रतिदीप्ति म्हणतात. कपडे धुण्याच्या पुडींत पांढरेपणा वाढविण्यासाठीं घातलेलीं द्रव्यें, हळदींतलें पिवळें द्रव्य, आपल्या चलनी नोटांवरचे क्रमांक, हीं सर्व या गुणाचीं आहेत. पेढीवरचा रोखपाल नोट ज्या निळसर दिव्याखालीं धरून पाहतो तो याच जातीचा. खरी नोट त्या दिव्याखालीं आपली खूण सांगते, खोटी बहुधा गप्प राहते. दिवा तिला पदरचें कांहीं देत नाहीं.

आमच्या सोनमाशांपाशीं असें सांगण्यासारखें कांहीं नव्हतें. सोनमाशाचा केशरी रंग निराळ्या रीतीनें दिसतो. त्याच्या त्वचेंतील पेशींत सांठलेलीं रंगद्रव्यें पांढऱ्या उजेडांतला निळा-जांभळा भाग गिळून टाकतात आणि तांबडा-पिवळा परत पाठवितात. ज्या दिव्यांत तांबडें-पिवळें जवळजवळ नाहींच, त्याच्याखालीं त्यांनीं परत पाठवावें तरी काय?

मग दुकानांतले ते मासे चमकत होते कसे? याचा शोध घेतां घेतां आम्ही एका इंग्रजी ग्रंथापाशीं येऊन पोंचलों. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत असलेला फ्रान्सिस हॅमिल्टन या शल्यवैद्यानें गंगेंत आणि तिच्या शाखांत सांपडणाऱ्या माशांवर 1822 सालीं एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत इतर अनेक माशांबरोबर दोन चिमुकल्या माशांचें वर्णन आहे. एक अंगावर निळसर पट्टे असलेला, बोटाच्या दोन पेरांएवढा, ज्याला आज झेब्रामासा म्हणतात; आणि दुसरा इतका पारदर्शक कीं त्याच्या अंगांतला कणा नि कांटे बाहेरून मोजतां यावे. या दुसऱ्याला आपण काचमासा म्हणूं. हे दोन्ही मासे आपल्या देशांतले. दोनशें वर्षांपूर्वीं एकाच ग्रंथांत शेजारीं आलेल्या या दोन गरिबांच्या वांट्याला पुढें जें आलें, तें वाचून आमचें मन खिन्न झालें.

काचमाशाला रंग नाहीं, हाच त्याचा दोष ठरला. परदेशीं बाजारांत जाणाऱ्या काचमाशांच्या अंगांत सुईनें चकाकणारे रंग टोंचण्याची चाल पडली. मासा तळहाताच्या निम्म्याएवढाही नाहीं. सुई त्याच्या मानानें केवढी, याचा विचार वाचकांनींच करावा. असे टोंचलेले मासे दिव्याखालीं कांहीं महिने चमकतात, मग रंग विरून जातो. टोंचणीमुळें येणाऱ्या जखमा आणि रोग पाहून इंग्लंडांतील मत्स्यप्रेमी मंडळींनीं या चालीविरुद्ध मोठी ओरड केली, आणि तिकडच्या पुष्कळ दुकानांनीं असे मासे ठेवणें सोडून दिलें.

झेब्रामाशाची गोष्ट अधिक विलक्षण आहे. ओसामु शिमोमुरा हे जपानी रसायनज्ञ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गोळा केलेल्या एका जेलीफिशवर काम करीत असतां त्यांना हिरवा चमकणारा एक प्रथिन पदार्थ सांपडला. 1962 सालीं त्यांनीं तो प्रसिद्ध केला. त्या कामाची पुढची वाट आणखी दोघा शास्त्रज्ञांनीं काढली, आणि तिघांना मिळून 2008 चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. 1999 सालीं सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठांतल्या संशोधकांनीं या प्रथिनाचें बीज झेब्रामाशाच्या अंड्यांत घातलें. पाणी दूषित झालें कीं चमकून इशारा देईल असा मासा तयार करावा, हा त्यांचा एक हेतु होता. परंतु हिरवा चमकणारा मासा पाहिल्यावर पाण्याच्या शुद्धतेची आठवण कितीशी राहणार? 2003-04 च्या हिवाळ्यांत ते मासे अमेरिकेंत शोभेसाठीं विकूं लागले. युरोपीय संघानें मात्र त्यांना आपल्या बाजारांत येऊं दिलेलें नाहीं. या माशाला सुई लागत नाहीं, त्याचा रंग विरत नाहीं, पोरांनाही तो आईबापांकडून मिळतो; दिव्याखालीं तो खरोखरच चमकतो, कारण तो गुण आतां त्याच्या अंगचा झालेला आहे.

एवढें वाचून शहाण्या मनुष्यानें थांबावयाचें. पण मत्सराला वाचनाचा आधार मिळाला म्हणजे तो जोरावतो, असा आमचा अनुभव आहे. पुढें आमच्या वाचनांत बोर्निओ बेटांतील कापुआस नदीचा आरोवाना मासा आला. हा हातभर लांब, मोठ्या खवल्यांचा, तांबूस मासा चिनी लोकांना अजगरासारखा शुभ ड्रॅगन वाटतो, आणि त्याला प्रचंड मोल येतें. रानांतून पकडलेल्या या माशाच्या व्यापारावर 1975 पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे. पैदास केलेल्या माशांच्या अंगांत ओळखीची बारीक चकती घालून त्यांना दाखले देतात. त्याची लाली चढावी म्हणून सिंगापूर, मलेशिया, इंडोनेशिया येथील हौशी लोक टाकीवर प्रखर दिवे तासन्‌तास लावून ठेवतात, आणि या क्रियेला उन्हांत कातडी रापविण्याचाच इंग्रजी शब्द लावतात. म्हणजे मासाही रापतो तर! याला आणखी पुरावा सांपडला. हवाई बेटांत उथळ पाण्यांत ठेवलेलीं हातोडीच्या डोक्याच्या मुशीचीं पिल्लें उन्हानें काळवंडलीं, आणि त्यांच्या परांचा जेवढा भाग जंबुपार किरण अडविणाऱ्या पडद्यानें झांकला होता तेवढा भाग मात्र काळवंडला नाहीं, असें 1996 सालीं दोघा संशोधकांनीं प्रसिद्ध केलें आहे.

त्या पिल्लांचा तो काळेपणा म्हणजे उन्हापासून बचाव करण्यासाठीं शरीरानें घेतलेली घोंगडी आहे, शोभा नव्हे, ही गोष्ट त्याच पानावरून सहज समजण्यासारखी होती. आम्हीं ती वाचली आणि ओलांडली. आमच्या मनानें एवढेंच घेतलें कीं, दुकानांतून आणलेली नळी सौम्य पडली, आतां जोरदार पाहिजे.

आणि तशी नळी घरांतच होती. 2020 सालीं, साथीच्या दिवसांत, भाजी आणि टपाल निर्जंतुक करावें म्हणून आमच्या चिरंजीवांनीं एक जंबुपार दिवा आणिला होता. तो माळ्यावर एका खोक्यांत पडून होता. नातवानें तो शोधून काढला आणि म्हणाला, "आजोबा, यावरही यूव्ही लिहिलें आहे." आम्हांस वाटलें, पोरगा हुशार आहे. खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरांत आणखीही कांहीं लिहिलें होतें. चाळीस वर्षें ज्यानें मुलांना वाचावयास शिकविलें, त्यानें तें वाचलें नाहीं.

रविवारची दुपार होती. घरांतली मंडळी विश्रांति घेत होती. आम्हीं टाकीवरचें झांकण काढलें, दिवा वर टांगला आणि लाविला. उजेड अगदींच मंद निळा. डोळ्यांना त्रास तर नाहींच, उलट निराशाच वाटली. आम्ही वाकून पाहत होतों. नातू स्टुलावर चढून, टाकीच्या कडेवर हनुवटी टेंकून पाहत होता. सर्वांत हावरा मासा खाण्याच्या आशेनें वर आला आणि पाण्याच्या पृष्ठाशीं आमच्याकडे तोंड करून तरंगत राहिला. असा अर्धा तास गेला. रंगांत फरक दिसेना, म्हणून आम्हीं दिवा काढून ठेविला आणि चहाला गेलों.

रात्रीं अकराच्या सुमारास नातवाच्या रडण्यानें घर जागें झालें. "डोळ्यांत वाळू गेली, डोळ्यांत वाळू गेली," एवढेंच तो म्हणत होता. त्याची आई त्याचे डोळे पाण्यानें धूत होती, आणि त्याला ते उघडतां येत नव्हते. आम्ही उठून बसलों, तों आमच्याही डोळ्यांत तीच वाळू. दिव्याचें बटण दाबतांच शंभर सुया टोंचल्यासारखें झालें. तेव्हां आमच्या मनांत एकदम प्रकाश पडला, आणि आयुष्यांत इतका भयंकर प्रकाश आमच्या मनांत पूर्वीं कधीं पडला नव्हता.

डॉक्टरांकडे नेईपर्यंतची ती वेळ आम्ही विसरूं शकत नाहीं. गाडींत पोर आईच्या पदरांत तोंड खुपसून बसलें होतें आणि मध्येंच विचारीत होतें, "आजोबा, मला दिसेल ना?" आम्हीं "हो" म्हटलें, तें कोणत्या आधारावर म्हटलें तें देवालाच ठाऊक.

डॉक्टरांनीं दोघांचेही डोळे तपासले, थेंब घातले, आणि दिवा कोणता होता तें विचारलें. आम्हीं सांगितलें. मग ते सावकाश म्हणाले कीं, जंबुपार किरण सगळे एका जातीचे नसतात. दुकानांतली आणि पेढीवरची नळी जांभळ्याच्या अगदीं शेजारच्या, सौम्य किरणांची. जंतु मारणाऱ्या दिव्याचे किरण त्याहून पुष्कळ पलीकडचे. ते जंतूंच्या पेशींतलें बीज मोडतात म्हणून जंतु मरतात. आपल्या बुबुळावरच्या पेशी त्यांना वेगळ्या वाटत नाहींत. वितळजोड करणाऱ्या कारागिरांना आणि बर्फाच्या प्रदेशांत चालणाऱ्यांना अशाच प्रकारची बाधा होते. दुखणें लगेच कळत नाहीं, सहा-आठ तासांनीं कळतें. "उजेड प्रखर असता तर तुमचे डोळे आपोआप मिटले असते," डॉक्टर म्हणाले. "हे किरण दिसतच नाहींत, म्हणून डोळे मिटत नाहींत. दोन दिवसांत बरें होईल. पुन्हां मात्र करूं नका."

दोन दिवसांत बरें झालें. ते दोन दिवस खोलीला पडदे लावून आजोबा आणि नातू ओल्या फडक्यांच्या घड्या डोळ्यांवर घेऊन शेजारीं शेजारीं पडले होते. सूनबाईंनीं आम्हांस एक शब्दही बोलून दाखविला नाहीं. तिसऱ्या दिवशीं सकाळीं आमचे डोळे नीट उघडूं लागल्यावर तिनें तें खोकें आणून आमच्या टेबलावर ठेविलें, बारीक अक्षरांची बाजू वर करून, आणि ती स्वयंपाकघरांत निघून गेली. "दिवा लागलेला असतां माणसांनीं व जनावरांनीं खोलींत राहूं नये," अशा अर्थाची ती सूचना होती.

जनावरें खोलींतच होतीं. आम्हीं उठून टाकीकडे पाहिलें. तीन मासे तळाशीं एका कोपऱ्यांत गोळा झाले होते. चौथ्याच्या, त्या हावऱ्या माशाच्या, पाठीवर पांढुरका पापुद्रा आला होता, आणि तो एका कुशीवर कलून श्वास घेत होता. सायंकाळपर्यंत तो गेला. नातवानें त्याला कुंडींत पुरलें. पुरतांना त्यानें विचारलें, "आजोबा, त्याला डोळे मिटतां आले नसते, ना?"

आम्हांस हें ठाऊक होतें. कारण पुस्तकांत वाचलें होतें. माशाला पापण्या नसतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, सोनमाशाच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशींचे चार प्रकार असतात, आपल्या डोळ्यांत तीन. आणि चौथ्या प्रकारानें त्याला जांभळ्याच्या लगतचे, आपल्याला न दिसणारे किरण दिसतात. म्हणजे आम्हीं आणलेली पहिली नळी आम्हांस मंद वाटत होती, ती त्यांना कदाचित् रात्रभर डोळ्यांसमोर धरलेल्या मशालीसारखी वाटत असेल. त्यांना तोंड फिरविण्यास तीन फुटांची टाकी होती, आणि डोळे झांकण्यास कांहीं नव्हतें.

दोन्ही दिवे त्या दिवशीं घरांतून गेले. जंतु मारणारा दिवा माशांच्या छंदांत वापरतात, हें खरें; पण तो एका बंद डबींत ठेवतात आणि टाकीचें पाणी त्या डबींतून फिरवितात, म्हणजे शेवाळाचे कण आणि जंतु मरतात, आणि त्याचा किरण ना माशाला लागत ना माणसाला. रंग वाढविण्याशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं.

रंगाची गोष्ट आम्हांस शेवटीं शेजारच्या मालवणी बाईंकडून कळली. त्या मासा पुरल्याची बातमी ऐकून समाचारास आल्या होत्या. टाकीकडे पाहून त्या म्हणाल्या, "यांका खावक काय घालतास?" आम्हीं दुकानांतल्या स्वस्त गोळ्यांचा डबा दाखविला. त्यांनीं तो हुंगून बाजूला ठेविला, आणि दुसऱ्या दिवशीं घरचा सुकवलेला जवळा कुटून, कागदाच्या पुडींत बांधून पाठवून दिला. आमच्या शाकाहारी स्वयंपाकघरांत त्या पुडीला कोणत्या फळीवर जागा द्यावी यावर नातवाच्या आजीचा आणि नातवाचा एक खटला झाला, तो येथें सांगत नाहीं. पुडी शेवटीं पुस्तकांच्या कपाटांत राहिली.

मालवणी बाईंचें म्हणणें शास्त्राला धरूनच होतें. तांबडें-केशरी द्रव्य मासा स्वतःच्या अंगांत नव्यानें तयार करूं शकत नाहीं. तें त्याला अन्नांतून मिळावें लागतें. बारीक कोळंबी, जवळा, कांहीं शेवाळें यांत तें भरपूर असतें. भिगवणला उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यांत जे रोहित पक्षी उतरतात त्यांचा गुलाबी रंगही याच वाटेनें येतो. पिंजऱ्यांत ठेवून निराळें अन्न दिलें तर ते पांढरे पडत जातात. याखेरीज दुसऱ्या कांहीं गोष्टी आम्हीं केल्या. तळाची पांढरी खडी काढून काळसर घातली. कारण पांढऱ्या जमिनीवर मासा आपला रंग आंखडून घेतो आणि काळ्यावर तो पसरूं देतो. दर आठवड्यास थोडें पाणी बदलूं लागलों. साधा पांढरा दिवा दिवसाचे आठ-नऊ तास, आणि मग अंधार. घाबरलेला मासाही फिका पडतो, हें कळल्यावर कांचेवर टिचकी मारण्याची पाहुण्यांना बंदी झाली. दोन अडीच महिन्यांनीं एके दिवशीं सकाळीं आम्हीं वर्तमानपत्रावरून डोळे वर केले, आणि टाकींत तीन पिकलेलीं संत्रीं फिरत आहेत असें आम्हांस वाटलें.

आमचे ते स्नेही त्यानंतर पुन्हां एकदां आले. माशांकडे पाहून ते थबकले आणि म्हणाले, "वा! कोणता दिवा लावलात?" आम्ही उत्तर देणार, तों नातू पुढें झाला. त्यानें जवळ्याच्या पुडीपासून भिगवणच्या पक्ष्यांपर्यंत, आणि माळ्यावरच्या खोक्यापासून कुंडींतल्या माशापर्यंत सगळी हकीकत सांगितली, आजोबांनीं खोक्यावरचीं अक्षरें वाचलीं नाहींत तें सुद्धां. मध्यें एकही शब्द अडला नाहीं. त्या दिवशीं त्याला कोणीं म्हणून दाखवावयास सांगितलें नव्हतें, आणि भाषणाची आठवण आम्हांसही स्नेही गेल्यावरच झाली. पावनखिंडीचें भाषण आम्हीं त्यानंतर पाहुण्यांसमोर काढलेलें नाहीं.

रात्रीं नऊ वाजले कीं टाकीचा दिवा मालविण्याचें काम नातवाकडे आहे. तो बटण बंद करतो, कांचेशीं क्षणभर थांबतो आणि आम्हांस बजावतो, "आजोबा, वाचायचें असेल तर आंत जाऊन वाचा. त्यांना पापण्या नाहींत." आम्ही पुस्तक उचलून आंत जातों.